न वाजवलेला रुपया

पेण, ता. ८ डिसेंबर १९७८

तीर्थरूप दत्तूदादास सरूचे शि. सा. न. वि. वि.

केरू कंपनीत रुळला आणि वहिनी त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घालते, हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण नाही. काल देवाचा डबा उघडला तर कुंकवातला राणीछाप रुपया जागेवर नाही. हे म्हणाले की केरूनंच नेला असेल. मामा जुनी नाणी जमवतो, त्याला दाखवू, असं तो कधीचा म्हणत होता.

दादा, रुपया तुझ्याकडे असेल तर येणाऱ्या माणसाबरोबर परत धाड. विकू नको, धुऊ नको. आणि काही झालं तरी वाजवू नको. का, ते विचारू नको. हसायचं तर हस.

केरूला रात्रपाळी देतात का? जपून राहा म्हणावं. माया आहे तशी राहू दे.

तुझी सरू

रोहा, ता. १२ डिसेंबर

चि. सौ. सरूस दत्तात्रेयाचे अनेक आशीर्वाद.

रुपया माझ्याकडे सुखरूप आहे. मी गावदेवीच पळवल्यासारखं लिहितेस! अगं, वाण्याच्या हाती चांदी द्यायची आणि वाजवू नको म्हणायचं, हा कुठला न्याय?

हळदीकुंकवाचा एवढा थर बसलाय की साल वाचता येत नाही. पण राणीच्या गळ्याशी जी नक्षी दिसते, त्यावरून मला सहसा न मिळणारं साल वाटतं. तसं निघालं तर तुझ्या पाटल्या झाल्याच समज. फक्त तोळ्याला जरा कमी भरतो, तेवढं मनात खुपतंय. काट्यावर शंका आली की कानानं ठरवायचं, ही आमच्या धंद्यातली रीत. रविवारी वाजवतो. केरूही हट्ट धरून बसलाय.

त्याचं अंग दोन दिवस कसकसतंय. तुझी वहिनी काढा देते आहे. काळजी नको.

तुझा दादा

पेण, ता. १५ डिसेंबर

दादा, साष्टांग नमस्कार.

हात जोडते, वाजवू नको. सांगू नये ते आज सांगते.

केरूच्या आधीची माझी दोन्ही पोरं पाचवी पुजायच्या आत गेली. केरू झाला तेव्हा सुईण धोंडुबाईनं त्याला सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवला, आणि शेजारच्या हौसानं एक चांदीचा रुपया देऊन माझ्याकडून विकत घेतला. मूल तिचं झालं, मी नुसती सांभाळणारी. मग पोरं नेणाऱ्या सटवाईनं माझ्या दारी कशाला यायचं? म्हणून तो केरू. एवढं तुला ठाऊक आहे.

ठाऊक नाही ते हे. बारशाच्या दिवशी तो रुपया माझ्या हातून जोत्यावर पडला आणि नुसता थप्प झाला. शिशासारखा. हौसा मिठागरावर मजुरीला जायची, तिच्याकडे चांदी कुठली असणार? मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सौदा तिथंच मोडला असता. पोराची किंमत पोचलेली नाही हे मला एकटीला ठाऊक. इतकी वर्षं तो मी कुंकवात दाबून ठेवला, त्याचा आवाज कुणाच्या कानी जाऊ नये म्हणून.

दादा, मला फार भीती वाटते. ताप उतरला का? लगेच लिही.

सरू

रोहा, ता. २१ डिसेंबर

चि. सौ. सरूस आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी आलं. मी रुपया आदल्याच दिवशी वाजवला होता, दुकानातल्या फरशीवर, केरूसमोर. खोटा निघाला म्हणून आम्ही दोघं हसलो. त्याच संध्याकाळी तो तापानं फणफणला. डॉक्टर टायफॉइड म्हणतात. मी असलं काही मानत नाही. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं, हे लपवत नाही.

हौसा हल्ली इथंच जवळ वरसे गावी लेकीकडे असते. तिच्याकडे गेलो. रुपया पाहताच तिनं ओळखला आणि पदरात तोंड लपवून रडली. मजुरीत कुणीतरी तिच्या गळ्यात मारला होता, तिला मागाहून कळलं. बोललं तर सौदा मोडेल म्हणून तीही गप्प राहिली. केरू आजारी पडला की तिचाही जीव टांगणीला लागायचा म्हणे.

आबांनी दिलेला माझा पहिला चांदीचा रुपया आठवतो? लहानपणी मी तुला हात लावू द्यायचो नाही, तो. तो तिला दिला. ती पदरात बांधून घरी आली. खाटेखालचा केर काढला, केरूच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तुझ्या वतीनं मी पुढे केलेल्या हातावर रुपया ठेवून आता खरा घेतला म्हणाली. खोटा मी कुंडलिका नदीत टाकून दिला.

आज ताप थोडा कमी आहे. डॉक्टर गोळ्यांचा गुण म्हणतात, मीही तेच म्हणतो. पण धोका टळला असं ते अजून म्हणत नाहीत. केरू तापात तुला हाका मारतो. शेजारच्या कमळाकराबरोबर रुपया धाडतोय. खुशाल वाजवून बघ, आणि मिळेल त्या एस.टी.नं निघून ये.

दादा

पेण, ता. २२ डिसेंबर

तीर्थरूप दादास नमस्कार.

रुपया पोचला. उंबऱ्यावर वाजवला. असा खणखणीत वाजला की शेजारणी बाहेर येऊन बघायला लागल्या. ऐकायचं ज्यांनी, त्यांनी ऐकलं असेल.

पिशवी भरून दाराशी ठेवली होती, ती परत रिकामी केली. मी येत नाही, दादा. रागावू नको. आता पुरी किंमत घेतली आहे. आई म्हणून धावत आले तर पोर कुणाचं ते सटवाईला तिथंच कळेल. हौसाला त्याच्या उशाशी बसव. तो आई म्हणून हाक मारील तेव्हा तिनं ओ द्यावी.

रोज दोन ओळी लिहीत जा. एवढी माया कर.

केरूची सांभाळणारी,
सरू