शनिवारची सकाळ सापडत नाही

१५ जून, रविवार
डोकं जड. आईला म्हटलं सर्दी आहे. आई हॉस्पिटलात नर्स, तिच्यासमोर नुसते डोळे चोळायचीही सोय नाही.
काल आपण जिंकलो म्हणे. ‘म्हणे’ कारण दुसरा हाफ तुकड्यातुकड्यांनी आठवतोय. त्यांचा तो आडदांड आठ नंबर बॉल घेऊन सुटला, मी इस्लामपूरच्या कबड्डीच्या सवयीने थेट घोट्याला गेलो, त्याचा गुडघा माझ्या कानशिलात. मग बुटाची लेस. जमीन फिरायची थांबेपर्यंत लेस बांधत बसलो. रेफ्रीला कळलं असतं तर डोक्याला लागल्याचं ब्लू कार्ड, म्हणजे कित्येक आठवडे रग्बी बंद. आणि २८ ला ट्रायल. प्रोफेशनल क्लबची. कॉलेज अर्ध्यात सोडलं ते कशासाठी मग?
सईचा मेसेज: माझ्या उत्तरावर गप्प का?
कुठलं उत्तर?

१६ जून
नीट आठवायला बसलो. शुक्रवारी ठरवलेलं, की उद्या मॅचआधी सईला लग्नाचं विचारायचंच. सँडरिंगहॅमच्या देशी दुकानात जाऊन काजूकतली घेतली, तेही आठवतं. त्यानंतर एकदम आठ नंबरचा गुडघा. मधली सगळी सकाळ गायब.
गाडीत डबा सापडला, अर्धा रिकामा. म्हणजे विचारलं. म्हणजे ती काहीतरी म्हणाली. हो की नाही?
नाही म्हणणारी मुलगी अर्धा डबा काजूकतली खाईल का? सई खाईल.

१७ जून
डोकं लढवून फोन केला. म्हटलं, "तू म्हणालीस ते मला मान्य आहे."
तिने विचारलं, "इतक्या सहज?"
आणि फोन ठेवला.
आता मी काय मान्य करून बसलोय?

१९ जून
झोप नाही. जुनं जुनं आठवून बघतो, शाबूत आहे का ते. आहे. सगळं आहे.
न्यू लिनची फार्मसी. मी अंगठ्याला बांधायला टेप मागायला गेलेलो. काउंटरमागच्या मुलीने, म्हणजे सईने, कार्डावरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत सुरू झाली, "पैलवान, टेपने हाड जुळत नाही. एक्स-रे काढा." एक्स-रे काढला, तो दाखवायला परत गेलो. मग बरा झालेला अंगठा दाखवायला. मग काहीच नसताना.
पिहाचा समुद्र. जँडल्स, म्हणजे चपला, गाडीत विसरली आणि काळी वाळू तापलेली. पाठुंगळी घेऊन निघालो तर वरून, "हळू रे, मी काय पोतं आहे?" उतरायचं नाव मात्र नाही.
त्याच्याही मागे इस्लामपूर. शाळेमागचं मैदान, पाणी मारलेल्या मातीचा वास, पाटील सर चुन्याची रेघ ओढताहेत. मी डाव्या कोपऱ्याला. चढाईवाला पाय सोडतोय कधी आणि मी घोटा धरतोय कधी. डोकं आपटलं तर हळद. उठून पुन्हा कोपऱ्यात. पण तिथे समोरचा दम धरून यायचा, हाडकुळा, आपल्यासारखाच. इथे ट्रक येतो.

२१ जून, शनिवार
पोटरी आखडली सांगून आज बाहेर बसलो. सेमीने दुसऱ्याला घेतलं. सेमी आमचा कोच, सामोअन, दहा वर्षं प्रोफेशनल खेळलेला. त्यांच्या वेळी डोक्याला लागलं की तोंडावर पाणी मारायचे आणि परत आत.
मॅचनंतर कारपार्कमध्ये तो किल्ली दाबत फिरत होता. "हीप्स ऑफ सिल्व्हर कार्स, ब्रो," म्हणून हसला. मीही हसलो. दोघांनी त्याची गाडी शोधली. तेवढ्यात त्याची बायको आली न्यायला. सकाळी तिनेच सोडलं होतं त्याला. गाडी घरी.
हळूच म्हणाला, "पोरांना सांगू नको, हं." मग, "ट्रायलला ठीक आहेस ना?"
"स्वीट ॲज," एकदम ठीक, मी म्हटलं.
बघत राहिला.

२३ जून
कामावर, वेअरहाउसमध्ये रेडिओ फोडला. आवाज मोठा होता म्हणून. तापट मी पहिल्यापासून, पण रेडिओवर?

२५ जून
फार्मसी बंद व्हायच्या वेळी गेलो. म्हटलं, "सई, त्या शनिवारची सकाळ मला आठवत नाही."
आधी चेष्टा वाटली तिला. मग माझे डोळे बघितले. उलटी झाली? उजेड सहन होतो? झोप? सगळं विचारून झाल्यावर पायरीवर बसली.
"मला वाटलं तुझं मन फिरलं. वर फोन करून म्हणतोस, मान्य आहे."
"काय म्हणाली होतीस तू?"
"आधी डॉक्टर."
"ट्रायल झाली की जातो."
"मग मलाही ट्रायल झाल्यावरच विचार. तेव्हा परत आपटून येशील, परत विसरशील. मी कितीदा सांगत बसू?"
मी भडकलो. नको ते बोललो. ती फक्त शटर ओढत होती.

२६ जून
गेलो. डॉक्टरने शब्द सांगितले, थोड्या वेळाने परत विचारले. निम्मे गेले. महिने उलटे म्हणायला सांगितले, ऑगस्टला अडकलो. खेळ बंद, किती दिवस ते नंतर बघू म्हणाले.
सेमीला कळवलं. "गुड मॅन," म्हणाला. आवाज जड होता.
संध्याकाळी त्याचाच फोन, आधीचं बोलणं झालंच नाही असा. शनिवारी ग्राउंड ओलं असेल, लांब स्टडचे बूट आण.
मी हो म्हटलं.

२८ जून, शनिवार
ट्रायल चालू असेल आत्ता. पडदे ओढून पडलोय.
सई आली. आपणहून सकाळ सांगायला लागली. ईडन पार्क स्टेडियमच्या बाजूने नाही, लांबून घेतलेली गाडी. माझा उलटा घातलेला स्वेटर. आधी रग्बीबद्दल बोललो, मग हवेबद्दल, मग एकदम विचारून टाकलं आणि हॉर्नवर कोपर पडलं. पुढची म्हातारी मागे वळून बघायला लागली. सांगताना सई हसत होती. मीही हसलो, पण माझ्या आयुष्यातली ती सकाळ मी ऐकत होतो, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी.
"मग?" म्हटलं.
"मग मी..." आणि आई चहा घेऊन आली. दोघी हॉस्पिटलच्या नव्या शिफ्टबद्दल बोलत बसल्या.
आई गेल्यावर मी विचारलं नाही. सईनेही सांगितलं नाही. माझ्या कानशिलावर हात ठेवून बसली बराच वेळ, ताप बघतात तसा.
निघताना म्हणाली, उद्या येते.