खुर्चीवर फुंकर

२८ ऑक्टोबर १८६४
पोहोचलो एकदाचा! लुब्लिनच्या पुढचं हे गाव. घोट्यापर्यंत चिखल, पण तबेला कोरडा आणि माझ्या तेत्राला दाणावैरण भरपूर. जॉर्जियातून घरचं म्हणून एवढी एक घोडी आणलीय मी, तिच्यावर माझा जीव. झारच्या घोडदळात मी परका, आणि अंगावर झारचा कोट म्हणून इथल्या पोलिश लोकांना वैरी. तरी शेजारच्या अपोलोनियाबाईंनी बीटाचं सूप वाढलं. तुमचाही मुलूख त्याच झारनं गिळलाय ना, मग या की, म्हणाल्या. त्यांचा सेवेरिन गेल्या वर्षी बंडात, आमच्याच घोडदळाच्या तलवारीखाली जंगलात पडला. प्रेतही मिळालं नाही. बाई त्याच्याबद्दल बोलल्या तेव्हा मला मान वर करवेना.

२ नोव्हेंबर
आज इथे मृतांचा दिवस. बाईंनी पाव मांडले, दार उघडं ठेवलं. बसण्याआधी जो तो खुर्चीवर फुंकर मारतो. गेलेलं माणूस घरी येऊन बसलेलं असतं, ते फुंकरीनं उठतं म्हणे. कवायतीनं माझे पाय मोडले होते. हसलो आणि बसलो धपकन. बाई किंचाळल्याच. ती सेवेरिनची खुर्ची होती. मेलो शरमेनं! माफी मागितली, पण त्या माझ्या खांद्यामागे बघत राहिल्या.

५ नोव्हेंबर
तेत्राला झालंय तरी काय? मी चढलो की पाठ खचते, घामाघूम होते. नाल पाहिले, खोगीर बदललं, नालबंदाशी भांडलो. सगळं म्हणे ठीक! कर्नल चारचौघांत म्हणाला, काय रे, सासऱ्याला मागे बसवून आणलंस का? सगळे खिदळले. अकरा तारखेला पलटणीची पाहणी आहे, तिथंही घोडी अशीच रखडली तर गोळी घालणार म्हणाला. माझ्या तेत्राला! डोकं फिरायची वेळ आलीय.

७ नोव्हेंबर
नुसतं खोगीर असलं की ती ताठ उभी. मी चढलो की दोघांचं ओझं. आज कमरेला हातांचा विळखा पडला. थंडगार. मागे कुणी नाही.
बाईंकडे धावलो. पोराला सांगा, उतर म्हणावं. बाई रडल्या. तुम्ही भले आहात हो, पण घरी आलेल्या लेकराला आईनं का हाकलायचं, म्हणाल्या.

९ नोव्हेंबर
लगाम मी डावीकडे ओढतो, घोडी उजवीकडे. जंगलाकडे. माझे हात माझं ऐकत नाहीत— सोड रे बाबा, सोड—

११ नोव्हेंबर
पाहणी झाली. तेत्रा हरणासारखी पळाली! कर्नलनं पाठ थोपटली. वाचली माझी घोडी.
पण पाठ कुणाची? मी तर तबेल्याच्या दारात उभा होतो. खोगिरावर माझा कोट, माझंच तोंड, आणि ते हसत—

१२ नोव्हेंबर
बाईंच्या घरात. ओरडतोय, कुणी बघत नाही. माझ्या तोंडानं तो ‘आई’ म्हणाला. बाईंनी कवटाळलं त्याला. दमलास रे राजा, बस, म्हणाल्या.
खुर्चीत मी बसलोय. उठणार नाही. काय वाटेल ते होवो, उठणार नाही!
बाई आल्या. वाकल्या. माझ्या छातीवर फुं—