आईच्या उंचीची गाडी

प्रिय मेरेताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार, आणि नमस्कार समुद्र ओलांडून पोहोचत असेल तर आपल्या रीतीप्रमाणे नाकाला टेकवलेलं नाकही. तुझी तब्येत कशी आहे? पर्थच्या उन्हात दाजींची कंबर मोकळी झाली का? पोरं आता तुला करून घालतात की अजून तूच त्यांच्या पुढेमागे? इकडे आम्ही दोघं ठीक. आई सकाळी चहात पाव बुडवून खाते, दुपारी डुलकी काढते आणि संध्याकाळी पायरीवर बसून समुद्राला नावं ठेवते. (समुद्र तिचं ऐकतो असं तिचं म्हणणं. माझ्या मते तो ऐकल्यासारखं करतो, म्हणजे माझ्यासारखंच.)

फोनवर तू जे म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. ‘राविरी, ह्या वेळी गाडी तपासणीत पास होऊन वॉरंट मिळालं नाही, तर मी येऊन आईला इकडे घेऊन जाणार. मग मागे लागायचं नाही.’ तुझं चुकतं आहे असं मी म्हणत नाही. आपल्या किनाऱ्यावर बस येत नाही, फाकातानेचा दवाखाना काही कोपऱ्यावर नाही, आणि काचेवर वॉरंटची चिठ्ठी नसलेल्या गाडीतून आईला किती दिवस फिरवायचं? म्हणून वॉरंटचं काय झालं ते सविस्तर कळवतो. शेडमध्ये गाडीतच बसून लिहितो आहे, स्टिअरिंगला वही टेकवून, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

ही गाडी बाबांनी खाली कशी आणली ते तुला आठवत असेल. तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस. बाबांनी करवत घेतली, ह्या होल्डन गाडीच्या चारी स्प्रिंगा कापल्या, आणि गाडी अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी जमिनीवर बसली. सगळा किनारा बघायला आला. आई त्या दिवशी काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण वर्षं गेली, बाबा गेले, आईचे गुडघे गेले, आणि एके दिवशी ध्यानात आलं की त्या गाडीची सीट बरोबर आईच्या उंचीवर आहे. दार उघडायचं, पाठ करायची, बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. उंच गाडीचं नाव काढलं की ती कण्हायला लागते. तुमच्या पर्थमध्ये सगळ्या गाड्या शिडी लावून चढायच्या, असं ऐकतो. (हा टोमणा नाही. असला तर दाजींच्या गाडीला आहे.)

आणि रविवार. ताई, रविवारबद्दल तुला कुणी काही सांगितलंच नसेल, कारण सांगण्यासारखं त्यात काही घडत नाही. जेवण झालं की मी आईला घेऊन नदीच्या मुखापर्यंत जातो. गाडी इतकी खाली की समुद्र डोळ्यांच्या रेषेत येतो, आणि पाणी कुठे संपलं नि रस्ता कुठे सुरू झाला हे कळेनासं होतं. कुंपणाजवळची गाय टेकडीएवढी दिसते. धुकं असलं तर ते टपावरून जातं, आपण त्याच्या खालून जातो. आई काही वेळ गुणगुणते, मग तिची मान कलते, आणि झोपेत ती बाबांशी बोलायला लागते. भांडण नाही हं, साधंच बोलणं: कुमाराची रताळी किती काढली, दोरीवरचे कपडे आत आणले का. मी हळू चालवतो, म्हणजे बाबांना उत्तर द्यायला वेळ मिळावा. परत कसे येतो ते मला दर वेळी आठवतंच असं नाही. (चालवणाऱ्यानं असं लिहू नये हे मला कळतं. ही ओळ डेल्विनला दाखवू नकोस.)

डेल्विन कोण, ते सांगतो. इतकी वर्षं गाड्या तपासायला आपले नेव्हिलकाका होते. रग्बी क्लबच्या मागच्या शेडमध्ये कंपनीच्या मूळ उंच चारी स्प्रिंगांचा एक जोड खुंटीला टांगलेला असतो, हे तू इथून जाण्याआधीपासूनचं आहे. एकच लग्नाचा कोट सगळ्या गावातल्या नवरदेवांनी घालावा, तसा तो जोड. ज्याच्या गाडीचं वॉरंट, त्यानं तो चढवायचा, गाडी सरळ उभी राहायची, नेव्हिलकाका आईची चौकशी करत चिठ्ठी चिकटवायचे, आणि संध्याकाळपर्यंत गाडी पुन्हा खाली, कोट पुढच्या नवरदेवाकडे. ह्यात फसवणूक आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. पाहुण्यांकडे जाताना आपण केस विंचरतो, तितकंच.

आता नेव्हिलकाका निवृत्त होऊन कुमारा लावतात, आणि वरून नियम कडक झाले. गाडीत मूळचं जे काही बदललं असेल त्याला तज्ज्ञाची मंजुरी हवी, त्या मंजुरीची धातूची पट्टी गाडीला ठोकलेली हवी, प्रत्येक स्प्रिंग डोळ्यांनी बघायची, फोटो काढायचा. आणि हे बघायला ओपोटिकीच्या गॅरेजात आली डेल्विन. तरुण आहे, चटपटीत आहे, आणि गाडीखाली अशी सरकते की आपल्याला वाटावं ती तिथेच राहते.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी गाडीला तो कोट चढवला. सकाळी आई पर्स घेऊन बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि थांबली.

‘ही कुणाची?’

‘आपलीच आहे, आई.’

‘आपली बसलेली असते. ही उभी आहे. कोण आलंय?’

मी समजावून हात टेकले. ती पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, ‘पाहुणे गेले की आपली गाडी काढ.’ मी एकटाच गेलो. वाटभर उंचावरून समुद्र अनोळखी दिसत होता.

गॅरेजात आधी नेहमीप्रमाणे नातं काढलं. तुझी आजी कोण, माझी आजी कोण, कुणाची कुठे दिली. बॉनेट उघडायच्या आत डेल्विन माझी पुतणी निघाली. मी मनातल्या मनात चिठ्ठी काचेवर चिकटवलीसुद्धा. मग ती गाडीखाली गेली.

‘काका, ह्या स्प्रिंगा माझ्या ओळखीच्या आहेत.’

‘असतील. अशा गाड्या पुष्कळ आहेत.’

‘ह्या गेल्या आठवड्यात हेनारेकाकांच्या गाडीत होत्या. त्याआधी पाद्रीबाबांच्या.’

‘अगं, एकाच कंपनीच्या स्प्रिंगा सारख्याच दिसणार.’

‘सारख्या दिसतील हो. पण ह्यांच्यावर हिरव्या रंगानं “क्लबला परत करा” असं लिहिलंय.’

(ते मीच लिहिलं होतं. लोक वेळेवर परत करत नाहीत, ताई, म्हणून. सहा जणांचं पितळ मी एका ब्रशानं उघडं पाडलं आणि आता क्लबात माझ्या शेजारी कुणी बसत नाही.)

मी तिला म्हटलं, पुतणी ना तू माझी? ती म्हणाली, ‘म्हणून तर. परका असता तर नुसती नापास केली असती. तुम्हाला बोलणीपण बसणार.’ आणि बसली. बाबांनी कापलेली स्प्रिंग खड्ड्यात चाक गेलं की जागची सुटू शकते, आणि आजी मागे झोपलेली असते हे तुम्हीच सांगताय, असं ती म्हणाली. रविवारचा तो सगळा रस्ता एकदम डोळ्यांसमोर आला, त्यातल्या खड्ड्यांसकट. मग तिनं मला चहा पाजला. तिची स्वतःची गाडी आपल्या गाडीहून खाली आहे, पण पट्टी ठोकलेली. ती म्हणाली, ‘काका, आजीला हवी त्या उंचीवर गाडी ठेवता येते. फक्त करवतीनं नाही. ओडगर्स म्हणून तज्ज्ञ आहेत गिझबर्नला, त्यांना बोलावते.’

ओडगर्स आले तेव्हा मी बाबांच्या स्प्रिंगा परत बसवल्या होत्या, त्यांना मूळ प्रकार दिसावा म्हणून, आणि आई आधीच मागे बसली होती. आपली गाडी परत आल्यामुळे ती खुशीत होती. उतरेचना. ओडगर्स म्हणाले, बसू दे, मी हळू चालवून बघतो. आईनं त्यांना बाबांचा कुणी दोस्त समजून नदीच्या मुखाशी चला असा हुकूम सोडला. मी फाटकात वाट बघत राहिलो. ऊन उतरलं, भरती आली, तरी पत्ता नाही. शेवटी गाडी आली ती माझ्या रविवारच्या चालीनं. ओडगर्सच्या एका हातात व्हाइटबेट मासळीचं धिरडं गुंडाळलेला पाव होता, मोजायची टेप गळ्यात तशीच, आणि चेहरा नुकत्याच उठलेल्या माणसाचा. बराच वेळ ते उतरलेच नाहीत. मग म्हणाले, ‘गाडी सुंदर. आई त्याहून सुंदर. स्प्रिंगा भयंकर.’

तर ताई, काम झाल्यातच जमा आहे. योग्य स्प्रिंगा, एक पट्टी आणि डेल्विनची चिठ्ठी, एवढंच राहिलं. उंच गाडीत आईला बसता येत नाही ही अडचण तुझ्या लक्षात आलीच असेल, तेव्हा विमानाच्या तिकिटाची घाई करू नकोस. दाजींना नमस्कार, पोरांना पापे, आणि तुझ्या तब्येतीला जप.

तुझा लाडका (तूच म्हणायचीस),
राविरी

ता. क. ‘झाल्यातच जमा’ हे जरा सैल लिहिलं गेलं. जुन्या स्प्रिंगा ओडगर्स आपल्याबरोबर घेऊन गेले, मला मोह होऊ नये म्हणून. नव्या ऑकलंडला करायला टाकल्या आहेत, पण देशभरच्या खाली बसलेल्या गाड्यांची तिथे रांग लागली आहे. तोवर आपली गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर आहे. मी सध्या हवेत बसून लिहितो आहे. वॉरंट नाही.

ता. क. दुसरं. काल आईला तपासायला येणारी नर्स तिची ती भलीमोठी व्हॅन घेऊन आली. मी दार धरायला धावेपर्यंत आई झगा सावरून टुणकन आत जाऊन बसली. मी विचारलं, आई, गुडघे? ती म्हणाली, ‘गुडघ्यांना काय झालंय? तू आपल्या गाडीचं दार इतक्या हौसेनं धरून उभा राहतोस, म्हणून जरा कण्हत होते.’

ता. क. तिसरं, आणि आता खरं. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. वॉरंटचं कारण गेलं, गुडघ्यांचं गेलं, आणि तिसरं मला सुचत नाही. फोनवर तू दिलेला शब्द खरा करायला आलीस तर तुला अडवायला माझ्याकडे काही नाही. पर्थला आईचं छान चालेल, ती कुठेही रमते. तिच्याशिवाय मला ह्या घरात राहता येणार नाही. तेव्हा तिला नेऊ नकोस, ताई. माझी काळजी घ्यायला तिला इथेच राहू दे.