गोव्याचा सहावा अध्याय

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
सप्टेंबर १९८७

चि. सौ. सुलभा हीस थोरल्या भावाचा आशीर्वाद.

वीस वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. तुझ्या वहिनीचे गुडघे आणि माझा स्वभाव, दोन्हींना औषध नाही असं तीच म्हणते. नंदकुमाररावांना नमस्कार सांग. त्यांची साखर आता आटोक्यात आहे हे वाचून बरं वाटलं (दिवाळीला तू वहिनीला जे पत्र पाठवतेस ते मी वाचत नाही, फक्त ते कुठे ठेवलंय एवढं बघतो). आपलं बोलणं कशावरून थांबलं ते दोघांनाही पाठ आहे. सदुसष्ट सालच्या कौलात गोवा महाराष्ट्रात यावा म्हणून मी इथे बसून घसा कोरडा केला, आणि तू तिकडे मडगावात महाराष्ट्राचं फूल सोडून वेगळ्या गोव्याच्या दोन पानांवर शिक्का मारून आलीस आणि वर कार्ड टाकून मला कळवलंस. तो विषय आज मी काढणार नाही (काढला खरा, पण आता खोडत नाही). आज काम वेगळं आहे आणि ते मी तडीस नेणार आहे.

तर ऐक. आपल्या मंडळाच्या गणपतीत एक दिवस मराठी व्याख्यान असतं, ते तुला आठवत असेल. आता चिटणीस आहे गजानन, माझाच विद्यार्थी, इतिहासात तीनदा नापास. त्याच्याकडे व्हिडिओ आला आहे. गेल्या वर्षी व्याख्यानाला अकरा माणसं होती, त्यांतली चार मांडववाल्याची. म्हणून यंदा गजानन आधीच म्हणाला, "सर, बुरा मत मानना, पण यंदा शेवटपर्यंत पन्नास लोक बसले नाहीत, तर पुढच्या सालपासून त्या दिवशी पिक्चर लावू. पब्लिक का भी तो सोचना पडता है." बुऱ्हाणपुरात वर्षातून एक संध्याकाळ मराठी ऐकू येते, तीही या पोराच्या हातून जाणार, हे मला सहन झालं नाही. मी म्हणालो, पन्नास नाही, शंभर बसतील. विषय सांगितला : गोवा, पोर्तुगीजांच्या वसाहतीपासून यंदाच्या मे महिन्यात झालेल्या राज्यापर्यंत.

आता शंभर माणसं बसवायची कशी? आपल्याकडची माणसं व्याख्यानाला झोपतात, पण सत्यनारायणाच्या कथेला हात जोडून बसतात. मग मी गोव्याची कथाच लावली. चौरंग मांडला, केळीचे चार खांब बांधले (शहापूरच्या एका शेतकऱ्याने बागेतून आणून दिले), तुझ्या वहिनीकडून सव्वा शेराचा शिरा करवून घेतला आणि अध्याय पाडले. पहिल्यात आदिलशाही आणि पंधराशे दहा साली आलेलं आरमार. दुसऱ्यात पोर्तुगीजांपासून वाचवायला देव पालखीतून खाडीपलीकडे कसे नेले ते. तिसऱ्यात मराठ्यांच्या स्वाऱ्या, चौथ्यात राणे सरदारांची बंडं, पाचव्यात एकसष्ट सालची फौज आणि मुक्ती. सहाव्यात कौल आणि सातव्यात राज्य. दर अध्यायाला घंटा वाजवायची आणि फूल वाहायचं. विश्वास ठेव, एकशे चौदा माणसं आली. जैनाबादच्या रंभाबाई तापी ओलांडून चार सुना घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. देव खाडीपलीकडे नेले तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण पदर कोणी लावला नव्हता. गजानन मागे खांबाला टेकून उभा होता आणि त्याचं तोंड लिंबू चोखल्यागत झालं होतं.

पाचवा अध्याय तर असा रंगला की आपली फौज मांडवी ओलांडताना मी स्वतः चौरंगावर गुडघा टेकला. पोर्तुगीजांनी शरणागती लिहून दिली. मी पाणी प्यायला तांब्या उचलला, आणि तिथेच घात झाला. रंभाबाई उठल्या, हात जोडले आणि आरती सुरू केली. मी म्हणालो, बाई, अजून दोन अध्याय आहेत. त्या म्हणाल्या, "मास्तर, सत्यनारायणाचे पाचच ऱ्हातात ना? आमाले का माहीत नाई का? पाच झाले, आता आरती." मांडवातला एकूण एक माणूस उभा राहिला. जन्मभर पाच अध्याय ऐकलेल्या माणसांना सहावा कोण ऐकवणार? शिरा वाटला गेला आणि पाच मिनिटांत मांडवात मी, गजानन आणि सतरंजी गुंडाळणारा माणूस एवढेच उरलो. गजानन म्हणाला, "सर, शेवटपर्यंत तो कोई बैठाच नहीं." त्याचं गणित पहिल्यांदाच बरोबर होतं. (रंभाबाईंनी जैनाबादभर सांगितलं की गोवा सुटला, शिरा गोड होता.) थोडक्यात, तिकडे राज्य झालं तरी बुऱ्हाणपुरात अजून झालेलं नाही.

मी हार मानलेली नाही. गजाननाला मी माझ्या पद्धतीने समजावलं (म्हणजे रोज सकाळी त्याच्या दुकानात जाऊन बसलो) आणि नवव्या दिवशी त्याने दसऱ्यानंतरचा रविवार दिला. या वेळी घंटा नाही, शिरा नाही, फक्त राहिलेले दोन अध्याय. सातवा तयार आहे. अडलंय सहाव्याला. जाताना रंभाबाईंनी मला विचारलं होतं, "मास्तर, ते आपलीच बोली बोलतात, देवबी आपलेच, मंग आपल्यात काहून नाही आले?" मी घरी येऊन लिहायला बसलो. चार वेळा लिहिलं, आणि चारही वेळा तो इतिहास न होता माझं भांडण झालं.

चौथा कागद फाडला तेव्हा तुझी वहिनी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "छप्पन साली आपला मध्य प्रदेश बदलला, नागपूर महाराष्ट्राच्या बाजूला गेलं, आपण इकडे राहिलो. तुम्हाला कोणी विचारलं होतं?" मी म्हणालो, नाही. "सुलूला विचारलं. तिने सांगितलं. यात तुमचं काय गेलं?" बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी कागदाचे तुकडे स्वतः गोळा केले (ती म्हणेल, तेही अर्धेच). मी स्वतः कधी महाराष्ट्रात राहिलो नाही, आणि तुला मात्र तिकडे ढकलायला निघालो होतो. हे कळायला मला वीस वर्षं लागली आणि मी इतिहासाचा मास्तर आहे.

तुझा,
अनंत

ता. क. : गोव्याचा तालुकावार नकाशा मिळाला तर पाठव. याच कामासाठी हे पत्र लिहिलं.

ता. क. २ : वहिनी म्हणते नकाशा बसस्टँडजवळच्या दुकानात मिळतो आणि माझ्या कपाटात दोन आहेत. आहेत.

ता. क. ३ : कौलानंतर मी तुला जे वाटेल ते लिहिलं, त्यावर तुझं एक जाड पाकीट आलं होतं. ते मी न फोडता परत पाठवलं. हे वहिनीलाही माहीत नाही. त्यात काय होतं ते कळल्याशिवाय सहावा अध्याय मला लिहिता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर आता ते अध्यायासाठी नाही, माझ्यासाठीच हवं आहे. जपून ठेवलं असशील तर धाड. जाळलं असशील तर, सुलू, तू ये आणि तोंडाने सांग. मी मध्ये बोलणार नाही.