दोन बोटं क्रीम

३ मार्च
ह्यांच्या कानामागचा डाग काढला. तीन टाके. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उन्हाने झालंय. परत झालं तर कान वाचवणं अवघड." पंचवीस वर्षं परांचीवर उभं राहून लोकांच्या भिंती रंगवल्या, त्याचं हे बक्षीस.

४ मार्च
उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीमची ट्यूब आणली. वाचता वाचता डोकं उठलं. एसपीएफ पन्नास, पीए आणि पुढे चार अधिकची चिन्हं! औषधाच्या दुकानातल्या बाईने समजावलं — एसपीएफ मुख्यतः कातडी भाजणाऱ्या किरणांसाठी, पीए खोल शिरणाऱ्या किरणांसाठी. दोन्ही हवीत. चेहरा-मानेला दोन बोटं भरून, दर दोन तासांनी. वर टोपी. "आणि कान विसरू नका." आता काय विसरतोय!

९ मार्च
"चिकट आहे गं. धूळ बसते," ह्यांची कुरकुर. रंग कालवायचा मी, परांचीवर चढायचं ह्यांनी — लग्नापासून असंच. घट्ट माल दिसला की माझा हात पाण्याकडे जातोच. क्रीम डबीत काढली, पाणी घातलं, ढवळली. छान पसरते. कुरकुर बंद.

१० मार्च
दमले. नुसती दमले.

२ एप्रिल
ट्यूब अजून अर्धी शिल्लक. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

२१ एप्रिल
दुकानातली बाई म्हणाली, "इतके दिवस एकच ट्यूब? दर दोन तासांनी लावता ना?" मी कौतुकाने पाण्याचं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. पाणी घातलं की थर सलग बसत नाही, ट्यूबवरचा पन्नास आकडा मग नुसता शोभेचा.

म्हणजे सहा आठवडे मी ह्यांना पांढरं पाणी फासून उन्हात चढवत होते. हे परांचीवर, मी खाली सावलीत बादली ढवळत. शरम वाटते. सांगायला हवं. तोंड उघडते आणि भलतंच बोलते — ब्रश धुतले का, भाजी काय करू.

२२ एप्रिल
नवी ट्यूब दिली, पाणी न घालता. हे नुसतं "बरं" म्हणाले. आजही सांगितलं नाही.

६ मे
कानाशेजारी नवा डाग. तुकडा तपासायला घेतला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "क्रीम नीट लावत होता ना?" मी सांगणार, तेवढ्यात हे म्हणाले, "ही रोज द्यायची. मीच लावत नव्हतो."

रोज माझ्यासमोर लावायचे. बाहेर येऊन विचारलं, खोटं का बोललात?

चपला घालत म्हणाले, "पातळ केलेला माल मला कळत नाही होय? तुला बोलणी बसली असती."