गोधडीचं टोक

आई,

तुमचा मुलगा आता चालत नाही. हे कुणाला तरी एकदा सरळ सांगायचं होतं. फोनवर लोक विचारतात तेव्हा मी "ठीक आहेत" म्हणते, तेही "काळजी घ्या" म्हणतात आणि सुटतात. तुम्हाला तसं सुटता येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं तरी झाली असतील. टी. टी. नगरचं सरकारी क्वार्टर हेच तुमचं भोपाळ. अरेरा कॉलोनीतलं हे घर तुम्ही पाहिलंच नाही. बाहेरची खोली मोठी आहे, दक्षिणेला गॅलरी आहे आणि गॅलरीच्या दाराशी यांचा पलंग. दुपार झाली की ऊन पायांवर येतं. आत्ताही आलंय. हे झोपलेत, की नुसतेच डोळे मिटून पडलेत, ते आता मलाही ओळखता येत नाही.

तुमच्या वेळी याला आपण म्हातारचळ म्हणायचो आणि पदराआड हसायचो. आता त्याला डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, पण उतार नाही. आधी किल्ल्या गेल्या, मग जवाहर चौकातून घरी यायचा रस्ता गेला, मग मुलाचं नाव, मग माझं. माझं गेलं तेव्हा मी फार रडले नाही, कारण नावाने यांनी मला हाक मारली होतीच कधी! "अगं" तेवढं शाबूत होतं, ते बरेच दिवस पुरलं. शेवटी पाय गेले. डॉक्टर म्हणाले, पायांना काही झालेलं नाही, चालायचं कसं तो निरोप वरून खाली पोचत नाही. मी म्हटलं, मग निरोप मी पोचवते. पाटबंधारे खात्यात जन्मभर कालव्यांच्या काठाने मैलोन्‌मैल चाललेला माणूस, तो काय असा बसून राहील? रोज सकाळी उभं करायचं, समोर उभं राहून म्हणायचं, "उजवा. आता डावा. अहो, डावा!" शेजारच्या भाभी म्हणायच्या, "भाभीजी, आप तो परेड करवाती हैं." करवत होतेच. पलंगापासून गॅलरीपर्यंत चालले की मला दिवसभर बरं वाटायचं. यांना कसं वाटायचं, ते मी विचारलं नाही.

या वर्षी पाडव्याला माझा हट्ट नडला. आपल्या गल्लीत गुढी फक्त आपल्याकडे असते आणि दर वर्षी कुणी तरी विचारतंच, "ये लोटा उल्टा क्यों टाँगा है?" आणि दर वर्षी हे तेवढ्याच उत्साहाने सगळं पहिल्यापासून सांगायचे. गुढी घरच्या कर्त्याने उभारायची, हा तुमचा नियम. मामंजी गेले त्या वर्षी यांच्या हातात काठी तुम्हीच दिली होती. मी म्हटलं, निदान हात तरी लागू दे. जवाहर चौकातून साखरेच्या गाठी आणल्या, यांना नवा सदरा घातला, चाकांच्या खुर्चीवरून गॅलरीत आणलं, उभं केलं आणि काठी हातात दिली. यांनी ती घट्ट धरली. मी आणि सकाळी कामाला येते ती दीदी, दोघी दोन बाजूंना. "उचला," म्हटलं. आणि गुडघे दुमडले. पडले नाहीत हो, सावकाश खाली बसत गेले आणि त्यांच्याखाली मी. तांब्या गडगडत नळाशी गेला, जरीचा खण दीदीच्या डोक्यावर, कडुनिंब सगळीकडे. मी घाबरून यांच्या तोंडाकडे पाहते तर गाठीतलं एक पदक यांच्या तोंडात, शांतपणे चोखणं चाललंय. दीदी म्हणाली, "अंकल का तो त्योहार हो गया, आंटी." मला हसू फुटलं आणि मग त्याच हसण्याचं रडू झालं. डॉक्टरांनी त्या संध्याकाळी तपासून सांगितलं, हाड शाबूत आहे, पण आता यांना उभं करू नका. आता नाही म्हणजे कधीच नाही, हे मला घरी येऊन कळलं.

उभं करायचं नाही म्हटलं तरी माणूस हलवावा लागतोच. पलंगावर खाली घसरतात, वर घ्यावं लागतं. कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. मी आपली उशाशी उभी राहायचे, काखेत हात घालायचे आणि ओढायचे. माझ्या कंबरेने हाय खाल्ली. मुलगा पुण्याहून फोन करायचा. तो वाईट नाही, आई, तुमच्या हाताखाली वाढलेलं पोर आहे. पण हिशेबी आहे. म्हणाला, "तुझी कंबर गेली की बाबांकडे कोण बघणार? इथे एक चांगली जागा आहे, चोवीस तास माणसं असतात. मी येतो आणि घेऊन जातो." मी म्हटलं, "मी बघते." तो म्हणाला, "तू बघतेस ते मला दिसतंय." दिवसभर मी एकच मनात घोळवत असे: मला यांना हलवता आलं नाही, तर यांना इथून हलवतील.

आणि मग एका सकाळी ओढताना हे ओरडले. गेले कित्येक महिने यांच्या तोंडून धड आवाज नाही, आणि एकदम "आं!" सदरा काढून पाहिलं तर काखेशी लालबुंद. मी तिथेच बसले आणि आई, तुमचा आवाज इतका स्पष्ट आला की मी दाराकडे पाहिलं. "काहून ओढून राहिली गं त्याले?"

क्वार्टरमधली मोरी आहे. माझं बाळ महिन्याभराचं आहे. तुम्ही पाटावर बसून, लुगडं गुडघ्यांवर घेऊन, पाय लांब सोडलेत आणि पायांच्या खोलगटात बाळ उताणं. पाणी घालून झालं आणि मी पुढे होऊन त्याच्या दोन्ही दंडांना धरून त्याला वर घेतलं. शेजारपाजारच्या दोघी बसलेल्या असताना तुम्ही मला झापलंत. "काहून ओढून राहिली गं त्याले? खांदा निखळंल ना! लेकरू ओढाचं नसते. त्याच्या खाली जाचं असते." आणि माझा हात धरून त्याच्या मानेखाली घातलात, दुसरा ढुंगणाखाली. मी साताऱ्याकडची, तुमची नागपुरी ऐकून एरवी मला हसू यायचं; त्या दिवशी आलं नाही. दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल, किंवा आलं असेल आणि तुम्ही त्या शांततेची चैन केली असेल.

खाली जायचं. पण या माणसाच्या खाली जायचं कसं? माझ्या पायांवर हे काही मावायचे नाहीत. चादर घालून पाहिली होती, तिची पार दोरी होते. तेव्हा दिवाणातली ती गोधडी आठवली, तुम्ही शेवटच्या उन्हाळ्यात शिवलेली. छोटी नातवाला शिवलीत, ती त्याने शाळेत जाईपर्यंत ओढून ओढून फाडली. ही मोठी आम्हा दोघांना दिलीत आणि म्हणालात, "मोठ्या माणसालेही लागते." तुमची सगळी जुनी लुगडी तिच्यात आहेत. वर ते हिरवं, ज्याचा काठ तुम्हाला फार आवडायचा. इथल्या थंडीला ती पुरत नाही म्हणून वापरली नव्हती. बाहेर काढली तर डांबरगोळ्यांचा वास. उन्हात टाकली, चौघडी केली, दीदीने यांना कुशीवर धरलं, मी खाली सरकवली. मग दोघींनी दोन बाजूंचे काठ अंगालगत गुंडाळून मुठीत धरले. "उठाओ," दीदी म्हणाली. आणि हे उचलले गेले, आई. ओढ नाही, ओरडणं नाही. हातभर वर सरकले आणि उशीवर टेकले. तुमचे टाके इतके जवळ जवळ आहेत की कापड कुठे ताणलंसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात मुलगा आला. त्या जागेचे फोटो मोबाइलवर घेऊनच आला होता. त्या दिवशी दीदीची सुट्टी होती. तो म्हणाला, "आई, हट्ट सोड." मी म्हटलं, "सोडते. आधी ते टोक धर." त्याला वाटलं मी विषय टाळतेय. टाळत होतेच. पण त्याने टोक धरलं. मी सांगितलं तसा काठ गुंडाळला, मी "हं" म्हटलं आणि आम्ही यांना उचललं. क्षणभर दोघांच्या मधे ते तसेच होते, तुमच्या हिरव्या लुगड्यात. खाली टेकवल्यावर यांची बोटं गोधडीच्या काठावर गेली आणि टाके चाचपत राहिली. यांची बोटं हल्ली कशावरच जात नाहीत. मुलगा उभ्याउभ्या ते बघत राहिला. मग म्हणाला, "ही आजीची ना? माझी पण अशीच होती." संध्याकाळी त्याने फोन करून वरखाली होणारा पलंग मागवला आणि तिकडच्या जागेला सध्या नको म्हणून कळवलं. सध्या, म्हणाला. मला सध्या पुरे आहे.

जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बाबांसाठी किती करतेस गं तू." मी "हो" म्हटलं. हे मात्र तुम्हाला खरं सांगते. यांना हे घर ओळखू येत नाही. पुण्यातली खिडकी काय आणि ही गॅलरी काय, यांना सारखीच. तिथे कदाचित माझ्यापेक्षा नीट कूस बदलतील. यांच्यासाठी नाही हो, आई, मी माझ्यासाठी यांना ठेवून घेतलंय. सकाळी उठून कुणाची तरी दाढी करायची नसेल, चहा चमच्याने कुणाला द्यायचा नसेल, तर मी या घरात काय करू? यांच्याशिवाय मला करमत नाही. इतकंच आहे.

हे पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. ऊन आता पायांवरून सरकलंय आणि हे जागे आहेत, छताकडे बघताहेत. यांनाच वाचून दाखवीन म्हणते, तुमची तेवढीच आठवण. शेवटचं ते "करमत नाही" तेवढं गाळणार होते. इतक्या वर्षांत ते मी यांना कधी म्हटलेलं नाही, आपल्याकडे कुठे म्हणतात. पण नको. तेच आधी वाचते.