माळावरच्या आठ जागा

१६ एप्रिल १९७४
सर्वेक्षणाच्या साहेबांनी वही माझ्यासमोर टाकली. "सलिमाबाई, हे मोजलंत की मनाने लिहिलंत?"

विमानातलं यंत्र जमिनीचा किरणोत्सर्ग बरोबर टिपतं का, ते माझ्या पायी मोजलेल्या आकड्यांवरून ठरायचं. त्यासाठी सूर्यमाळच्या वाटेवरचा पट्टा सगळीकडे सारखा हवा. फेब्रुवारीत होता. आता आठ जागी आकडे चढलेत. साहेब म्हणाले, "शेजारची सरासरी घाला, सही करा. पंचवीसला विमान येतंय."

सही केली नाही.

१८ एप्रिल
आठही जागा पुन्हा मोजल्या, दोन-दोनदा. तेच आकडे. जीपवाला मंसूर म्हणाला, "बी.एस्सी. होऊन ऊन मोजत फिरतेस, आपा!"

घरी अब्बांना सांगितलं. शिलाई मशीन न थांबवता म्हणाले, "कपडा बसला नाही तर माप पुन्हा घेतात. गिऱ्हाइकाचं अंग कापत नाहीत."

२० एप्रिल
यंत्र ठेवायला पायाने जागा साफ करत होते. काळी नावाची शेतवाली धावत आली. "राख नको उडवू बाय! भाताचं रोप हिच्यावरच उठतं."

राब! फांद्या, पाला, शेण भाजून केलेली रोपांची जागा. झाडातलं पोटॅशियम राखेत उतरतं, आणि ते थोडं किरणोत्सर्गी असतंच. आठही जागी फेब्रुवारीनंतर भाजलेले राब.

दर उन्हाळ्यात हा धूर बघत वाढले. तरी फेब्रुवारीत हा माळ मीच सुचवला – 'सपाट, मोकळा, एकसारखा.' काळी हसली. "जव्हारात राहून भात खाता, राब कुठला ठावा?"

बरोबर बोलली.

२२ एप्रिल
साहेबांना सगळं सांगितलं.
"म्हणजे चूक मान्य?"
"जागेची. आकड्यांची नाही."
"मग राख खरवडून टाकू. चार मजूर, अर्धा दिवस."
"आणि तिचं भात?"
"पट्टा बाद झाला तर तुमची नेमणूकही जाईल. ती या पट्ट्यापुरतीच आहे."

माहीत आहे. म्हटलं, मजूर आणलेत तर मी राबावर उभी राहीन.

२३ एप्रिल
मजूर आले नाहीत.

२४ एप्रिल
साहेब स्वतः यंत्र घेऊन आले. आठही जागा मोजल्या, राखेला बूट न लावता. पट्टा रद्द. उद्यापासून मला काम नाही. वहीच्या शेवटच्या पानावर मी सही केली, माझ्याच आकड्यांखाली. मग साहेबांनी पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची केली.